भागीचं घोडं जगवायचं कसं? दोन गेम स्टुडिओंची संयुक्त कंपनी, पायरीपायरीने

‘भागीचं घोडं किवणानं मेलं’ ही म्हण ज्यानं केली त्यानं गेम स्टुडिओ पाहिला नसेल. पण दोन स्टुडिओंनी मिळून काढलेली कंपनी कशी बुडते हे त्याला नेमकं ठाऊक होतं. तिला कुणी मारत नाही. घोडं पागेत खुरडत असतं, आज तो बघेल, उद्या हा बघेल असं चालतं, आणि एक दिवस साध्या दुखण्यानं ते जातं.

मी छोट्या स्टुडिओंचे करार लिहिते, वाचते, आणि बिनसल्यावर परत वाचते. या शेवटच्या वाचनात जे दिसतं त्यावर हा लेख आहे. वकील आणि सीए तुम्हाला लागतीलच. पण त्यांच्याकडे जाण्याआधी दोन्ही घरच्या लोकांनी एका टेबलाशी बसून ज्या गोष्टी ठरवायच्या असतात, त्या दुसरं कुणी ठरवून देत नाही.

सोयीसाठी एक जोडी धरू. पुण्यात आठ माणसांचा स्टुडिओ: प्रोग्रॅमिंग पक्कं, मारामारीच्या गेमसाठी स्वतः बांधलेली सिस्टिम हाताशी. कोल्हापुरात सहा माणसांचा: थ्रीडी आणि ॲनिमेशनमध्ये हात बसलेला. दोघांना मिळून लाल मातीतल्या कुस्तीचा गेम करायचाय. ढाक, धोबीपछाड, कलाजंग, सगळे डाव त्यात हवेत. उत्साह भरपूर आहे, चहाही झालाय. आता कागद काढा.

कंपनी हवीच आहे का?

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जोड्यांना खरं तर कंपनी नको असते, करार हवा असतो. एकच गेम करायचा असेल तर सहनिर्मितीचा साधा करार पुरतो. एकानं आपल्या स्टोअर खात्यावर गेम काढायचा आणि ठरलेला हिस्सा तिमाहीला दुसऱ्याला द्यायचा. कंपनी काढली की विक्री शून्य असली तरी प्रायव्हेट लिमिटेडला दरवर्षी ऑडिट आणि वार्षिक विवरणपत्रं चुकत नाहीत. एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, ४० लाखांपर्यंतची उलाढाल आणि २५ लाखांपर्यंतचं भांडवल असेतोवर ऑडिटची सक्ती नसते, पण बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा तर तो सहसा कंपनीच मागतो.

मग कंपनी कधी? एकाहून जास्त गेम करायचेत, नाव दोन्ही स्टुडिओंपेक्षा वेगळं उभं करायचंय, किंवा तिसऱ्याचा पैसा येणार आहे, तेव्हा. यातलं एकही कारण नसेल तर हा लेख इथंच ठेवा आणि करार करा.

मोठी माणसंसुद्धा घाई करत नाहीत. जपानची व्हिडिओ गेम कंपनी निन्टेन्डो आणि टोकियोतली मोबाइल गेम कंपनी डीएनए यांनी मार्च २०१५ मध्ये हात मिळवला. तेव्हा निन्टेन्डोनं डीएनएचे १० टक्के शेअर घेतले आणि डीएनएनं निन्टेन्डोचे सुमारे सव्वा टक्का. पुढं ‘सुपर मारिओ रन’ आला, इतर मोबाइल गेम आले, खात्यांची यंत्रणा उभी राहिली. ‘निन्टेन्डो सिस्टिम्स’ ही संयुक्त कंपनी मात्र एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, निन्टेन्डोचे ८० टक्के आणि डीएनएचे २०. आठ वर्षं एकमेकांच्या हातचं खाल्ल्यावर चूल एक केली. आपल्या जोडीनं निदान एक छोटा डेमो साध्या करारावर करून बघावा. तीन महिन्यांत कळतं की समोरचा फोन उचलतो की नाही.

पहिली पायरी: कुंपण घाला

संयुक्त कंपनी काय करणार हे एका वाक्यात लिहा, आणि काय करणार नाही हे चार वाक्यांत. दुसरं काम जास्त महत्त्वाचं.

याचा मला सगळ्यात आवडणारा नमुना १९९८ चा आहे. जपानची स्क्वेअर कंपनी तेव्हा जोरात होती. तिचा ‘फायनल फँटसी ७’ आदल्याच वर्षी अमेरिकेत पोचला होता, पण तिथं तो प्रकाशित केला होता सोनीनं. माल आपला, पेठेपर्यंतची वाट दुसऱ्याची. अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचं, म्हणजे ईएचं, दुखणं बरोबर उलटं. घरी वितरणाचं जाळं तगडं, जपानमध्ये मात्र पाय रोवायला जागा हवी होती. दोघांनी मिळून दोन कंपन्या काढल्या, एकमेकींचं प्रतिबिंब असल्यासारख्या. अमेरिकेत ‘स्क्वेअर इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’, त्यात स्क्वेअरचे ७० टक्के आणि ईएचे ३०. जपानमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स स्क्वेअर’, त्यात ईएचे ७० आणि स्क्वेअरचे ३०. पहिलीनं स्क्वेअरचे गेम उत्तर अमेरिकेत प्रकाशित करायचे आणि ईएनं ते दुकानांत पोचवायचे. दुसरीनं ईएचे गेम जपानमध्ये आणायचे.

यातली हुशारी बघा. ज्याचा माल, त्याचा त्या कंपनीत मोठा वाटा, म्हणून ‘अमक्या गेमची जाहिरात आधी कुणाची’ असल्या प्रश्नावर कुणी अडून बसायचं कारण नाही. आणि ‘फायनल फँटसी’ स्वतः कुठल्याच संयुक्त कंपनीच्या मालकीचा झाला नाही. या कंपन्या म्हणजे दरवाजे होते, घर ज्याचं त्याचंच राहिलं.

आपल्या कुस्तीच्या जोडीनं कुंपण असं घालावं: ‘पीसी आणि मोबाइलवरचा एक कुस्तीचा गेम, त्यात पुढं येणारी भर, आणि त्याचा दुसरा भाग.’ मग बाहेरचं लिहावं. कन्सोलवर न्यायचा झाला तर कोण ठरवणार? टी-शर्ट, कॉमिक, मालिका? पुणेकरांनी उद्या एकट्यानं कबड्डीचा गेम काढला तर चालेल ना? आणि कोल्हापूरकरांनी मल्लखांबाचा? ‘बघू तेव्हा’ हे उत्तर कागदावर येऊ देऊ नका. तेव्हा कुणीच बघत नाही, दोघंही वकिलाकडे बघतात.

दुसरी पायरी: तीन ढीग करा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. पैशांवरून झालेलं भांडण निस्तरता येतं, पण कोड आणि पात्रं कुणाची यावरून झालेलं भांडण गेमलाच घेऊन बुडतं.

पहिला ढीग, घरून आणलेलं. पुणेकरांची मारामारीची सिस्टिम आधीपासूनची आहे, ती त्यांचीच राहील. संयुक्त कंपनीला ती या गेमपुरती वापरायचा परवाना मिळेल. सहीच्या दिवशी त्या कोडची नोंदवलेली प्रत, तारखेसकट, दोघांकडे असू द्या. नाहीतर दोन वर्षांनी ‘हे फंक्शन आधीचं की नंतरचं’ यावर रात्री जागतात.

दुसरा ढीग, नवं. पैलवानांची मॉडेल, आखाडे, कथा, संगीत, गेमचं नाव. हे संयुक्त कंपनीचं. पण ते आपोआप तिचं होत नाही. काम करणारी माणसं पुणे आणि कोल्हापूरच्या स्टुडिओंच्या पगारावर असतील, तर त्यांचं काम सहसा आधी त्या त्या स्टुडिओचं ठरतं. तिथून ते लेखी असाइनमेंटनं, म्हणजे हक्क लिहून देऊन, कंपनीकडे आणावं लागतं. फ्रीलान्सरचं काम पैसे दिले म्हणून आपलं झालं असं धरून चालू नका, त्याची स्वतंत्र सही घ्या. तालमीत जाऊन पैलवानांच्या हालचाली रेकॉर्ड केल्या असतील तर त्यांचीही लेखी संमती घ्या, मराठीत, त्यांना वाचून दाखवून. संगीतकाराचा करार वकिलाकडून वेगळा तपासून घ्या, कारण २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकार आणि गीतकाराच्या रॉयल्टीचा हक्क सहजासहजी लिहून घेता येत नाही.

असाइनमेंट लिहिताना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम समोर ठेवा. हे कलम आळशी कराराला नडतं. मुदत लिहिली नाही तर असाइनमेंट पाचच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतीच. आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो गळून पडतो. इंटरनेटवरून उचललेल्या दोन पानी नमुन्यात या तीनही ओळी बहुतेक वेळा नसतात. गेम मात्र स्टीम या ऑनलाइन दुकानावर जगभर विकायचा असतो आणि तयार व्हायला तीन वर्षं लागतात. हिशेब तुम्हीच करा.

तिसरा ढीग सगळ्यात त्रासदायक: घरून आणलेल्या वस्तूची सुधारणा. कुस्तीसाठी पुणेकरांनी आपल्या सिस्टिममध्ये पकडीचं नवं गणित घातलं, आणि ते बसवताना कोल्हापूरच्या ॲनिमेटरनं दोन महिने घासली. आता ते कुणाचं? माझं मत स्पष्ट आहे. सुधारणा मूळ वस्तूच्या मालकाची, पण दुसऱ्याला ती कायम आणि फुकट वापरायची मुभा. कोडचे तुकडे करून वाटणी करू नये. म्हशीचे मागचे पाय माझे आणि पुढचे तुझे, अशा वाटणीतून दूध निघत नाही.

इंजिन, म्हणजे गेम ज्यावर बांधतात ते तयार सॉफ्टवेअर, तेही इथंच बघून घ्या. अनरियल वापरत असाल तर एका गेमची एकूण कमाई दहा लाख डॉलरच्या वर गेल्यावर त्या वरच्या रकमेवर ५ टक्के रॉयल्टी लागते. ती कंपनीनं द्यायची की ज्याच्या नावावर परवाना आहे त्यानं? युनिटी वापरत असाल तर तिच्या सीट, म्हणजे माणसागणिक परवाने, कुणाच्या? २०२३ च्या सप्टेंबरमध्ये युनिटीनं दर इन्स्टॉलमागे शुल्काची घोषणा केली आणि वर्षभरात मागे घेतली. त्या वर्षात अनेकांना कळलं की इंजिनवाल्यानं अटी बदलल्या तर बोजा कुणी उचलायचा हे आपल्या करारात कुठंच नाही.

तिसरी पायरी: शेअर आणि मत

‘अर्धं तुझं, अर्धं माझं’ ऐकायला गोड आहे. ५०-५० मध्ये प्रत्येक मतभेद म्हणजे गाडी बंद. ५१-४९ मध्ये ५१ वाल्याला वाटतं आपण मालक झालो, पण कंपनी कायद्यात नियमावली बदलण्यासारख्या मोठ्या निर्णयांना विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश. याचा अर्थ २६ टक्के हातात असलेला माणूस दार अडवून उभा राहू शकतो. आकडा ठरवताना ५० आणि ५१ मध्ये घुटमळण्यापेक्षा २६ आणि ७५ कडे बघा.

लहान वाटेकऱ्याची संमती ज्याला लागेल अशा गोष्टींची यादी करा, पण छोटी: नवे शेअर काढणं, गेमचा हक्क विकणं, ठरलेल्या रकमेवरचं कर्ज, तिसरा भागीदार. यादी तीस कलमांची झाली की ट्रेलर कधी सोडायचा यालाही दोन सह्या लागतात, आणि दिवाळीचा सेल हातचा जातो.

तिघांच्या भागीचा नमुना पोकेमॉन कंपनीचा. पहिले गेम फेब्रुवारी १९९६ मध्ये आले. गेम फ्रीकनं केले, क्रीचर्सचा हात होता, निन्टेन्डोनं काढले. कंपनी आली दोन वर्षांनी, एप्रिल १९९८ मध्ये, आणि तीही टोकियोतलं पोकेमॉन सेंटर हे दुकान चालवायला. २००० मध्ये तिचं नाव पोकेमॉन कंपनी झालं आणि सगळ्या पसाऱ्याची व्यवस्था तिच्याकडे आली. आधी दुकान, मग दौलत. घोडं तिघांचं, पण मोतद्दार एकच: त्सुनेकाझु इशिहारा. ते क्रीचर्समधून आले आणि सुरुवातीपासून या कंपनीचे प्रमुख आहेत. तुमच्या कंपनीलाही असा एक माणूस नेमा, ज्याची रोजची भाकरी या कंपनीच्या चालण्यावर आहे. दोन्ही स्टुडिओंच्या मालकांनी ‘वेळ मिळेल तसं’ बघायचं ठरवलं की म्हण खरी होते.

वाटा आणि कमाई यांच्यातली गल्लत किती महाग पडते तेही पोकेमॉननंच दाखवलं. जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ आला आणि निन्टेन्डोच्या शेअरला पंख फुटले. २२ जुलैला निन्टेन्डोनं निवेदन काढलं: पोकेमॉन कंपनीत आमची मतं ३२ टक्के आहेत, त्या हिशेबानं आमच्या खात्यात येणारा नफा मर्यादित राहील. बाजार उघडल्यावर, सोमवारी २५ जुलैला, शेअर एका दिवसात जवळपास १८ टक्के पडला. यातलं काहीच गुपित नव्हतं, लोकांनी वाचलं नव्हतं. तुमच्या गुंतवणूकदाराला आणि घरच्यांनाही पहिल्याच दिवशी सांगा: गेम ‘आमचा’ असला तरी रुपयातले आमचे किती.

आणि अडलं तर? करारात शिडी लिहा. आधी दोन्ही मालकांनी समोरासमोर बसायचं, पंधरा दिवस. मग दोघांना मान्य असलेला मध्यस्थ. तरीही नाही जमलं तर खरेदी-विक्रीचं कलम: एकानं शेअरचा भाव सांगायचा, आणि त्याच भावानं घ्यायचं की द्यायचं हे दुसऱ्यानं ठरवायचं. लहानपणी गुळाच्या पोळीचे दोन तुकडे करताना आई हेच करायची, एकानं मोडायची, दुसऱ्यानं आधी उचलायची. फक्त यात एक खोच आहे. समोरच्याचा खिसा रिकामा असताना पैसेवाला मुद्दाम कमी भाव सांगतो. म्हणून पैसे उभे करायला निदान नव्वद दिवस द्या.

हे सगळं फक्त भागधारकांच्या करारात लिहून थांबू नका. शेअर विकण्यावरची बंधनं कंपनीच्या नियमावलीत नसतील तर ती कंपनीला लागू होत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा रंगराज खटल्यातला १९९१ चा निकाल आहे. दोन्ही कागद जुळवून घ्या.

चौथी पायरी: पाण्याची पाळी

सामाईक विहिरीवर मोटर कुणी कधी लावायची याची पाळी ठरलेली असते. पैशांचीही तशीच ठरवा, आणि वाईट हंगाम धरून ठरवा.

आपल्या जोडीनं गेमवर २० लाख घातले. पुणेकरांचे १२, त्यातले ४ रोख आणि ८ लाखांचा माणसांचा वेळ. कोल्हापूरकरांचे ८, सगळा वेळच. गेमची किंमत ५०० रुपये. सोपं जावं म्हणून कर आणि परतावे बाजूला ठेवू. १०,००० प्रती गेल्या तर ५० लाख. स्टीम आपले ३० टक्के घेणार, उरले ३५. सर्व्हर, जाहिरात, भाषांतर मिळून ५ लाख, उरले ३०. दोघांचे २० परत केले, उरले १०. त्यातले दीड लाख पुढच्या अपडेटसाठी बाजूला. साडेआठ निम्मे निम्मे केले तर प्रत्येकी सव्वाचार लाख. सगळे खूश, पेढे आणा.

आता ३,००० प्रती गेल्या. १५ लाख आले, स्टोअरनंतर साडेदहा, खर्चानंतर साडेपाच. घातलेले २० लाख परत करायचेत आणि हातात साडेपाच आहेत. निम्मे निम्मे वाटले तर कोल्हापूरला २ लाख ७५ हजार. घातलेल्या पैशांच्या प्रमाणात वाटले तर २ लाख २० हजार. रोख घालणाऱ्याची रक्कम आधी फेडायची ठरली तर ४ लाख पुण्याला, उरलेल्या दीड लाखाचे दोन भाग, म्हणजे कोल्हापूरच्या हाती फक्त ७५ हजार. गेम तोच, विक्री तीच, आणि एका ओळीच्या फरकानं दोन लाखांचं अंतर. ही ओळ गेम चालायच्या आधी लिहिली तर हसतखेळत लिहिली जाते.

वेळेची किंमतही आधीच ठरवा. एक माणूस-महिना म्हणजे किती रुपये? सीनियर प्रोग्रॅमरचा आणि नव्या मॉडेलरचा दर वेगळा की एकच? कोल्हापूरकरांना इथं हमखास वाटतं की कोड महाग आणि चित्र स्वस्त धरलं जातंय. बऱ्याचदा त्यांचं खरंही असतं.

घातलेले पैसे परत करताना ते डिव्हिडंड म्हणून नव्हे, तर कर्जफेड किंवा केलेल्या कामाचं बिल म्हणून जावेत, अशी रचना सीएकडून करून घ्या. स्टुडिओनं कंपनीला बिल लावलं की त्यावर १८ टक्के जीएसटी आला. कंपनीला त्याचं क्रेडिट मिळू शकतं, पण तोवर पैसा अडकतो. एकाची माणसं दुसऱ्याकडे ‘पाठवली’ आणि पगार नुसता परत घेतला, तरी ती मनुष्यबळ पुरवण्याची सेवा ठरू शकते. परदेशी गटातून आलेल्या कर्मचाऱ्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तसंच ठरवलं.

पाचवी पायरी: चाव्या कुणाच्या खुंटीला?

माझ्या समोर आलेली एक गोष्ट. दोन स्टुडिओंचा एक मोबाइल गेम बरा चालला होता. प्ले स्टोअरचं खातं एका प्रोग्रॅमरच्या खासगी ईमेलवर, आणि ॲपवर सही करायची की-स्टोअर फाइल त्याच्याच लॅपटॉपवर. तो नोकरी सोडून गेला, लॅपटॉप फॉरमॅट करून परत दिला. जुना काळ, सहीची चावी गूगलकडे ठेवायची सोय त्यांनी वापरलेली नव्हती. गेम स्टोअरवर दिसत होता, लोक खेळत होते, आणि मालकांना त्यात एक स्वल्पविरामही बदलता येईना. शेवटी नव्या नावानं गेम पुन्हा टाकला. जुने रिव्ह्यू आणि खेळणारे, दोन्ही तिथंच राहिले. दोषी कुणीच नव्हतं. चावी दोघांची होती, म्हणजे कुणाचीच नव्हती.

तेव्हा स्टीम, प्ले, ॲप स्टोअर, डोमेन, खेळणाऱ्यांचं डिस्कॉर्ड, कोड साठवायची जागा म्हणजे रिपॉझिटरी, सगळं पहिल्या दिवसापासून संयुक्त कंपनीच्या नावावर आणि तिच्याच ईमेलवर. प्रत्येक ठिकाणी दोन ॲडमिन, दोन्ही घरचा एकेक. कंपनी नोंदवायच्या आधी एखाद्याच्या खात्यावर पान सुरू केलं असेल तर ते हलवता येतं, पण त्यात वेळ जातो आणि दोन्ही खात्यांची संमती लागते. तिमाहीला एक परीक्षा घ्या: कोऱ्या मशीनवर, रिपॉझिटरीतलं तेवढंच घेऊन, दुसऱ्या स्टुडिओच्या माणसानं गेम बिल्ड करून, म्हणजे कोडवरून चालता गेम तयार करून, दाखवायचा. पहिल्या वेळी बिल्ड होणार नाही. का होत नाही त्याची यादी म्हणजे तुमचं पुढच्या आठवड्याचं काम.

ट्रेडमार्कही कंपनीच्या नावे, किमान वर्ग ९ आणि ४१ मध्ये. लोगोवाल्या बाहुल्या काढायच्या असतील तर २८ ही.

सहावी पायरी: सरकारदरबारी

हे त्या मानानं सोपं. प्रायव्हेट कंपनीला दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. निदान एक संचालक आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला हवा. नोंदणी स्पाइस प्लस अर्जावर ऑनलाइन होते. चीनसारख्या, जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातून गुंतवणूक येणार असेल तर २०२० पासून त्यासाठी सरकारी परवानगीचा नियम आहे. त्याचं सध्याचं रूप वकिलाकडून तपासून घ्या. आणि गेममध्ये कुस्तीवर पैज लावायची सोय घालायची कल्पना कुणाला सुचली असेल तर ती तिथंच गाडा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केलेत, ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीच्या गेमना मात्र वाट मोकळी ठेवलीय.

एक गैरसमज जाता जाता. ‘वेगळं झाल्यावर तीन वर्षं त्यानं कुस्तीचा गेम काढायचा नाही’ असं कलम सगळ्यांना हवं असतं. भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढं ते बहुधा टिकत नाही. भागी चालू असतानाचं बंधन वेगळं, ते चालू शकतं. नंतरची राखण नाव, पात्रं आणि कोड यांच्या मालकीनं होते, धमकीनं नाही.

सातवी पायरी, जी खरं तर पहिली लिहायची: वेगळं होणं

स्क्वेअर आणि ईए कसे वेगळे झाले ते बघा. १ एप्रिल २००३ ला स्क्वेअर आणि एनिक्स या दुसऱ्या जपानी गेम कंपनीचं विलीनीकरण झालं. त्याच्या आदल्या दिवशी, ३१ मार्चला, ईएबरोबरची व्यवस्था संपली. पाच वर्षांत तिच्यातून ‘फायनल फँटसी ८’ आणि ‘१०’, ‘किंगडम हार्ट्स’ असे गेम अमेरिकेत गेले होते. दोघांनी आपापल्या घरच्या कंपनीतला दुसऱ्याचा वाटा घेतला आणि आधी निघालेल्या गेमचं वितरण काही काळ ईएकडे चालू राहिलं. कुठलं पात्र कुणाकडे जाणार हा प्रश्नच उद्भवला नाही, कारण ती कधी घर सोडून गेलीच नव्हती.

उलट बाजू अमेरिकेची गेम कंपनी ब्लिझार्ड आणि तिचे गेम चीनमध्ये चालवणारी नेटईझ यांची. २००८ पासून दोघांचं चीनमधलं काम एकत्र होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये करार पुढं न चालवण्याची घोषणा झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये चीनमधले ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे सर्व्हर बंद झाले. वर्षानुवर्षं वाढवलेली पात्रं लोकांनी फाइलमध्ये उतरवून घेतली आणि वाट बघत बसले. २०२४ मध्ये दोघांचं पुन्हा जुळलं. पण वाटणीच्या कागदात खेळणारा माणूस नसला की त्याच्यावर काय वेळ येते ते सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून आपल्या जोडीनं सहीच्या आधीच एक परिशिष्ट लिहावं. सर्व्हर किती महिने चालू ठेवायचे आणि खर्च कुणी द्यायचा. ज्यांनी विकत घेतलाय त्यांना गेम ऑफलाइन खेळता येईल अशी शेवटची आवृत्ती कोण काढणार. खेळणाऱ्यांची माहिती कुणाकडे राहणार आणि कुणी पुसायची. चालू असलेल्या विक्रीचे पैसे कोणत्या खात्यात. भांडण लवादाकडे गेलं तर एकच लवाद, बैठक कुठं, भाषा कुठली.

आमच्या कल्पनेतल्या पुणेकरांनी इथवर सगळं मान्य केलं आणि पेन उघडलं. कोल्हापूरकर म्हणाले, “अहो, सगळं खरं, पण पैलवान कुणाकडं राहणार?” गेमचा नायक. त्याचं तोंड कोल्हापूरच्या मुलीनं काढलेलं, त्याची चाल पुण्याच्या मुलानं बसवलेली. अर्धा तास गेला. मग ठरलं: मारामारीची सिस्टिम, सुधारणांसकट, पुण्याला. पैलवान, आखाडा आणि गेमचं नाव कोल्हापूरला. आधीच निघालेल्या गेमची कमाई पाच वर्षं ठरल्या पाळीनंच वाटायची. आणि कोल्हापूरनं पुढचा भाग दुसऱ्या कुणाबरोबर केला, तर पुण्याची सिस्टिम वापरायचा भाव आजच लिहून ठेवायचा. तो आकडा परिशिष्टाच्या शेवटच्या ओळीत गेला, दोघांनी त्याच्यापुढं बारकी सही केली, आणि मग पान पहिल्यापासून उलटून कंपनीच्या नावावर चर्चा सुरू झाली.